'दोन कॉलम ठेवा, भागतं': भागत नाही!

सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला की शेतकरी उत्पादक कंपन्यांना वेब ॲप बनवून देणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरू लागतो. म्हणणं असं: लहान कंपनीला ऑडिट लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची वेगळी नोंदवही, कशाला? टेबलात 'शेवटचा बदल कोणी, कधी' हे दोन कॉलम ठेवा, रात्री बॅकअप घ्या. लॉगने सर्व्हर जड होतो, आणि कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे. यवतमाळ-वाशिमकडच्या खरेदी केंद्रांवर याच समजुतीवर ॲप बसताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते दोन कॉलम. समजा, काटापट्टीवर (मालाच्या वजनाच्या पावतीवर) आणि ॲपमध्ये ओलावा ११ टक्के लिहिला. सायंकाळी कोणीतरी ॲपमध्ये तो १४ केला. १२ च्या वर गेला म्हणून कपात लागली. दुसऱ्या दिवशी भलत्यानेच त्या नोंदीतला मोबाइल नंबर दुरुस्त केला. आता 'शेवटचा बदल' त्याच्या नावावर. ११ गेला, १४ कोणी केला तेही गेलं. नोंद डिलीट झाली तर कॉलमसुद्धा गेले. चुकारा (मालाचे पैसे) कमी आला म्हणून शेतकरी पट्टी घेऊन येतो, तर कागदावर ११ आणि स्क्रीनवर १४. अन् खोटा कोण ठरतो? शेतकरीच. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

तलाठ्याच्या दप्तराने हे कधीच ओळखलं होतं. सातबाऱ्यावरचं जुनं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करून किंवा आडवी रेष मारून फेरफार क्रमांक लिहितात, आणि बदल कशामुळे झाला ते गाव नमुना ६, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत सापडतं. लॉगलाही तेवढंच हवं: कोणती नोंद, जुना आकडा, नवा आकडा, कोणी, कधी, कशासाठी.

बॅकअप दोन रात्रींची स्थिती सांगतो. मधल्या दिवसात आकडा फिरवून पुन्हा जागेवर आणला, तर पत्ता लागत नाही. आणि सर्व्हर जड होण्याचं म्हणाल, तर हाताने टाइप होणाऱ्या नोंदीमागे एक जास्तीचा इन्सर्ट (टेबलात नवी ओळ), बस.

लॉग कुठे ठेवायचा, ही खरी मेख आहे. जँगो या वेब ॲपच्या चौकटीत नोंद सेव्ह झाल्याच्या सिग्नलवर लॉग बांधला, तर क्वेरीसेटच्या, म्हणजे एकगठ्ठा, अपडेटला तो सिग्नल उठतच नाही. लॅरावेल या दुसऱ्या चौकटीतही एकगठ्ठा अपडेटला मॉडेलचे इव्हेंट चालत नाहीत. दर तर एकगठ्ठाच बदलतात! म्हणून ट्रिगर, म्हणजे बदल होताच आपोआप चालणारा कोड, डेटाबेसात लावा. मात्र ट्रिगरला डेटाबेसचा युजर दिसतो, ॲपमधला माणूस नाही; पोस्टग्रेस या डेटाबेसात ट्रान्झॅक्शनच्या (एकत्र होणाऱ्या बदलांच्या) सुरुवातीला 'सेट लोकल' या आज्ञेने त्या माणसाचा आयडी द्यावा लागतो. लॉगच्या टेबलावर ॲपला इन्सर्टचा हक्क द्या, अपडेट-डिलीटचा नको. आणि केंद्रावर चौघं एकाच 'ऑपरेटर' लॉगिनने बसत असतील, तर ते आधी बंद करा, नाहीतर एवढं सगळं करून नाव एकच दिसेल.

राहिला कायदा. कंपनी (लेखे) नियम, २०१४ प्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे, आणि ती बंद करता येता कामा नये. त्यात उलाढालीची किमान अट नाही. सहकारी संस्थेचं वेगळं. शेतकरी उत्पादक कंपनी मात्र कंपनी कायद्याखालीच नोंदलेली असते. काटापट्टीवरून खरेदी थेट हिशेबात जात असेल, तर लेखापरीक्षक त्या ॲपबद्दलही विचारणार. ही सोय वर्षभर चालू होती का, हे त्याला अहवालात लिहावं लागतं. मार्चमध्ये जोडलेल्या लॉगमध्ये ऑक्टोबरचे बदल येत नाहीत.