‘चार दिवस जास्त धरा’ म्हणणाऱ्या महोदयांना

बांधकामाच्या वेळापत्रकात राखीव दिवस कसे ठेवावेत, यावरच्या माझ्या लेखावर ‘जुना साइटवाला’ या नावाने तुम्ही लिहिलंत: “एसीत बसून वेळापत्रकं आखणाऱ्यांनी आम्हाला बांधकाम शिकवू नये. प्रत्येक कामाला चार दिवस जास्त धरले की उशिराचा प्रश्नच उरत नाही. पाऊस आणि दंडाचं कलम यावर तर लेखात अवाक्षर नाही.”

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘एसीत बसून’? माझी नोकरी सुरूच झाली ती सळयांची यादी हातात घेऊन, भर उन्हात स्लॅबवर. सेंटरिंग (स्लॅब पक्का होईपर्यंत त्याला पेलणारा तात्पुरता साचा आणि टेकू) दोन दिवस आधी खोलू द्या म्हणून मागे लागलेल्या ठेकेदारांशी मी भरपूर भांडलोय. नावही न सांगता दुसऱ्याचा अनुभव मोजायचा, ही कुठली रीत? असो. लेख लांबला आणि त्यात तक्ते जास्त झाले, एवढं मान्य.

आता तुमचे चार दिवस. प्लास्टरला दहाऐवजी चौदा दिले, समजा. काम अकराव्या दिवशी उरकलं तरी प्लास्टरवाला ते सांगत नाही, कारण पुढच्या वेळी त्याला अकराच मिळणार. सांगितलंच, तरी टाइल्सवाल्याची माणसं पंधराव्या दिवसाच्या हिशेबाने दुसरीकडे गुंतलेली. वाचलेले तीन दिवस गेले हवेत. उलट प्लास्टर सोळाव्या दिवसावर गेलं, तर ते दोन दिवस टाइल्सवाल्याच्या माथी नक्की बसतात. उशीर पुढे सरकतो, लवकर झालेलं काम सरकत नाही. म्हणूनच मी म्हणतो की राखीव दिवस कामाकामात लपवू नका. क्रिटिकल पाथच्या, म्हणजे ज्यातलं एकही काम लांबलं तर सगळा प्रकल्पच लांबतो त्या कामांच्या साखळीच्या शेवटी, सगळ्यांना दिसतील असे एकत्र ठेवा आणि ते कुणाच्या सहीने खर्च होणार हेही ठरवा.

आणि काही उशीर दिवस वाढवून टळतच नाहीत. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं काम 1959 मध्ये सुरू झालं, तेव्हा छताची ती कवचं उभी कशी करायची हेच सुटलेलं नव्हतं. 1963 ला संपायचं काम 1973 ला संपलं, 70 लाखांचा अंदाज 10 कोटी 20 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला. तिथे प्रत्येक कामाला चार दिवस जास्त धरून काय साधलं असतं, तुम्हीच सांगा. अपुऱ्या ड्रॉइंगवर खोदाई सुरू करायची आणि मग खापर गवंड्यावर फोडायचं, हे ‘जुन्या साइटवाल्यां’ना नवीन नसावं.

दंडाचं कलम हा वेगळा विषय आहे, त्यावर इथे वाद घालत नाही. पाऊस मात्र लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर पोहोचला असतात तर दिसला असता.