सेंट जॉर्जच्या वह्या खरंच काय सांगतात

लास व्हेगासहून झायन राष्ट्रीय उद्यान बघायला जाणारी आपली मंडळी वाटेत युटामधल्या सेंट जॉर्ज गावात थांबतात, आणि मग ग्रुपवर एक मजकूर येतो. त्याचा मथितार्थ असा: 1861 मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची सुमारे 309 कुटुंबं स्वखुशीने निर्जन वाळवंटात गेली, श्रद्धेच्या नि कष्टाच्या जोरावर त्यांनी तिथे कापूस पिकवून गाव उभं केलं, आणि घरोघरच्या जुन्या वह्या याला साक्षी आहेत.

साल आणि आकडा ठीक. बाकीचं त्या वह्याच खोडून काढतात.

आधी ‘स्वखुशीने’ बघू. चर्चचे प्रमुख ब्रिगहम यंग यांनी यादी काढली आणि ऑक्टोबरच्या परिषदेत नावं वाचली गेली. कित्येकांना आपलं नाव तिथेच कळलं. रॉबर्ट गार्डनर यांनी स्वतःच लिहून ठेवलंय: नाव यादीत आहे हे कळल्यावर ते थुंकले, टोपी काढली, डोकं खाजवलं, विचार केला आणि म्हणाले, ठीक आहे. (मला हा माणूस फार आवडतो.) पुढच्या वर्षी बोलावणं आलेले चार्ल्स वॉकर रोजनिशीत म्हणतात की ही आयुष्यातली सगळ्यात कठीण परीक्षा होती, धर्माची आण नसती तर आपण पाऊलही उचललं नसतं. ही आज्ञा होती. काहींनी ती पाळलीच नाही, काही थोड्या वर्षांत परत फिरले.

‘निर्जन’ तर मुळीच नव्हतं. 1776 मध्ये दोन स्पॅनिश पाद्री व्हर्जिन नदीच्या खोऱ्यातून गेले, तेव्हा त्यांना पाट काढून भिजवलेली मक्याची शेतं दिसली होती. ती इथल्या मूळ रहिवाशांची, पायूट लोकांची. नदीकाठची तीच ओलिताखालची जमीन वसाहतकऱ्यांनी घेतली. घराण्यांच्या आठवणींत पायूट भेटतात ते मजुरीला आलेले, नाहीतर घरात ‘वाढवलेलं मूल’ म्हणून. अशी मुलं जास्तीत जास्त वीस वर्षं कामाला बांधून ठेवायला युटात 1852 पासून कायदाच होता.

कापसाचं थोडक्यात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस बंद होता तोवर थोडाफार जमला. वॉशिंग्टन गावात गिरणीही उभी राहिली. पण जमीन खारवट, नदीवरचे बांध दर पुरात वाहून जायचे, आणि 1869 मध्ये युटात रेल्वे आली तसा बाहेरचा स्वस्त माल आला. गाव टिकलं ते काकवी, सुकी फळं आणि दारू विकून. टॅबरनॅकल (चर्चचं सभागृह) आणि मंदिर बांधायला आलेल्या कामगारांचं पोट बरंचसं चर्चकडे जमा होणाऱ्या दशांशाच्या धान्यावर भरलं. शिवाय रोख पैसा जवळच्या सिल्व्हर रीफच्या चांदीच्या खाणीतून यायचा, म्हणजे ज्यांच्यापासून लांब राहायचं त्याच ‘परक्यां’कडून, मॉर्मन नसलेल्यांकडून.

राहिल्या त्या वह्या. रोजची रोजनिशी वेगळी आणि नातवंडांसाठी म्हातारपणी लिहिलेली आठवण वेगळी. रोजनिशीत हिवताप, भाकरीची चणचण, सवतींमधली धुसफूस असते. आठवणीत ते गळून जातं. आणि काही गोष्टी दोन्हींत नसतात. सेंट जॉर्जच्या उत्तरेला पन्नास-साठ किलोमीटरवर माउंटन मेडोजला सप्टेंबर 1857 मध्ये सुमारे 120 प्रवासी मारले गेले. मारणाऱ्यांत या भागातले मॉर्मन होते. घराण्यांच्या इतिहासात त्या महिन्याला बहुधा कोरं पान असतं.

1930 च्या दशकात सरकारी मदतकार्यातून या वह्या गोळा करून टंकून घेतल्या त्या इथल्याच हुआनिटा ब्रुक्स यांनी. त्या तरुण शिक्षिका असताना माउंटन मेडोजच्या हत्याकांडात हजर असलेले नीफाय जॉन्सन नावाचे म्हातारे गृहस्थ त्यांच्याकडे आले होते. डोळ्यांनी जे पाहिलं ते जिभेने कधी सांगितलं नाही, मरण्याआधी लिहून घे, म्हणाले. ब्रुक्सबाईंचं आज-उद्या होत राहिलं. त्या पोचल्या तेव्हा म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता, आणि भ्रमात एकच शब्द ओरडत होता: रक्त, रक्त.

ती वही लिहिली गेलीच नाही.