‘कंडोम एड्स रोखत नाही’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

कळंबोलीत वाहतुकीचा व्यवसाय करणाऱ्या माझ्या मावसभावाने आपल्या चालकांच्या ग्रुपवर एक संदेश पाठवला आणि ‘सर्वांनी अवश्य वाचा’ अशी पुस्ती जोडून तो आमच्या घरच्या ग्रुपवरही टाकला. रबराला सूक्ष्म छिद्रे असतात व एचआयव्हीचा विषाणू त्यांहून लहान असतो, म्हणून कंडोम व्यर्थ; त्यापेक्षा संबंधानंतर लिंबाच्या रसाने किंवा जंतुनाशकाने धुणे खात्रीचे; हा आजार डासांमुळेही पसरतो; आणि औषधे घेणारा रुग्णही तितकाच संसर्ग पसरवतो, असे त्याचे म्हणणे. आमच्या घरात त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही, परंतु आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहणाऱ्या चालकांनी तो खरा मानला तर काय होईल, याचा विचार पाठवणाऱ्याने करायला हवा होता.

छिद्रांची कथा जुनीच आहे. २००३ साली व्हॅटिकनचे कार्डिनल अल्फोन्सो लोपेझ त्रुहियो यांनी बीबीसीच्या कार्यक्रमात हेच सांगितले होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते तेव्हाच खोडून काढले. कारखान्यात प्रत्येक कंडोमची विजेच्या साहाय्याने तपासणी होते आणि नमुन्यादाखल काही कंडोममध्ये ३०० मिलिलिटर पाणी भरून गळती पाहतात. पण प्रयोगशाळेतील चाचण्यांवर कोणाचा विश्वास नसेल, तर १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला युरोपातील अभ्यास पाहावा. त्यात जोडीदारांपैकी एकालाच एचआयव्ही असलेली जोडपी होती. ज्या १२४ जोडप्यांनी प्रत्येक वेळी कंडोम वापरला, त्यांच्यात सुमारे १५,००० वेळा संबंध येऊनही एकाही निरोगी जोडीदाराला लागण झाली नाही. कधी वापरला, कधी नाही, अशा १२१ जोडप्यांत मात्र १२ जणांना झाली. रबरातून विषाणू आरपार जात असता, तर पहिल्या गटात शून्य आले असते का?

अर्धसत्य मान्य करायचेच तर एवढे करतो की, मेंढीच्या आतड्यापासून बनवलेल्या कंडोमला खरोखर छिद्रे असतात, पण आपल्याकडच्या औषधांच्या दुकानात मिळतो तो लॅटेक्सचा, म्हणजे रबराचा. जननेंद्रियांवरील हर्पीस, सिफिलिस किंवा एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) या लैंगिक आजारांचा संसर्ग कंडोमने न झाकलेल्या त्वचेतूनही होऊ शकतो, त्यामुळे तेथे संरक्षण कमी पडते. शिवाय ट्रकच्या तापलेल्या डॅशबोर्डवर महिनोन्महिने पडून राहिलेले पाकीट किंवा कोरडे वाटते म्हणून चोळलेले खोबरेल तेल यांमुळे लॅटेक्स कमकुवत होऊन फाटते. मात्र यावरून निघणारा निष्कर्ष नीट वापरण्याचा आहे, टाकून देण्याचा नव्हे.

डासांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. एचआयव्ही डासाच्या शरीरात वाढत नाही आणि चावताना डास आपली लाळ सोडतो, आधी प्यालेले रक्त नव्हे. औषधे घेणाऱ्या रुग्णाविषयीच्या दाव्याबाबत तर वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ज्या चाचणीत पुण्यातील जोडपीही सहभागी होती, त्या एचपीटीएन ०५२ चे २०११ साली जाहीर झालेले निष्कर्ष सांगतात की, लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला.

सर्वांत घातक सल्ला लिंबाचा आहे. आम्ल असो वा जंतुनाशक, त्याने नाजूक आवरण भाजते, सोलवटते आणि विषाणूला शिरायला वाट अधिक मोकळी होते. शिवाय वापरणारा निर्धास्त होतो, तो तोटा निराळाच. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर डॉक्टरकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रात) जाऊन एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारावे. त्या ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच, सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. कुठे जायचे हे ठाऊक नसेल, तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या मोफत क्रमांकावर चौकशी करता येते. लिंबू चोळण्यात जातो तो याच ७२ तासांतला वेळ.