भेके गेला. आता सात कोण?

उद्या गौरी-गणपतीचं विसर्जन आणि परवा, शुक्रवारी १३ सप्टेंबर २०२४ ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानविरुद्ध आपल्या मुंबई सिटीची यंदाच्या इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) पहिली फुटबॉल मॅच. घरात पाहुणे आहेत, टीव्हीसमोर आरतीचं तबक आहे आणि रिमोट भाचीच्या हातात. तरी साडेसातला मी मोबाइल घेऊन गॅलरीत असणार, हे घरच्यांनी आता स्वीकारलंय. त्याआधी मनातलं लिहून टाकतो, कारण मॅच झाली की ‘आता बोलतोयस’ म्हणायला मंडळी तयारच असतात.

माझं मत आधी सांगतो, मग शिव्या घाला. यंदा आपण चॅम्पियन होत नाही. शील्ड, म्हणजे लीगच्या तक्त्यात पहिलं येणाऱ्याला मिळते ती, तर नाहीच. पाचवा नंबर, फार तर चौथा. प्लेऑफला, म्हणजे कप ठरवणाऱ्या बाद फेरीला, जाऊ, पण घामाघूम होऊन.

गेल्या ४ मेची रात्र आठवत नाही असं नाही. त्याच सॉल्ट लेकवर, साठ हजारांवर माणसं अंगावर ओरडत असताना, फायनलमध्ये मोहन बागानचा एक गोल खाऊन ३-१ ने कप आणला आपण. कमिंग्जने हाफटाइमच्या तोंडावर त्यांना पुढे नेलं तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘झालं’ एवढाच मेसेज पडला होता. मग डियाझ, मग बिपिन, आणि शेवटच्या मिनिटांत वॉइतुस. त्याच्या तीन आठवडे आधी याच मैदानावर २-१ ने हरून आपण शील्ड घालवली होती, एका पॉइंटने. त्यामुळे त्या कपाची चव काही वेगळीच होती. कप उचलला कर्णधार राहुल भेकेने. आपल्या मुंबईच्या पोराने.

आता त्या रात्रीच्या टीममधले कोण कुठे आहेत बघा. भेके बंगळुरूला. डियाझ बंगळुरूला. नोगुएरा बंगळुरूला. (बंगळुरूवाल्यांनी ट्रान्सफर विंडो नाही, अंधेरीहून टेम्पो केला होता.) विनीत राय पंजाबला. इकेर परत गोव्याला. आणि सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट, मिडफिल्डर आपुइया मोहन बागानला. ज्यांना फायनलमध्ये हरवलं त्यांच्याकडेच. शिवाय आपला जुना ग्रेग स्टुअर्टही तिकडेच जाऊन बसलाय. म्हणजे परवा समोरच्या टीमकडे बघताना आपलाच जुना अल्बम उघडल्यासारखं वाटणार.

क्लबच्या पेजवर बहुतेक लोक डियाझच्या नावाने रडतायत. गोल करणारा माणूस गेला की सगळ्यांना दिसतं. मला त्याचं तेवढं दुःख नाही, आणि कारण सरळ गणिताचं आहे. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळवता येतात. उरलेले सात भारतीय. परदेशी स्ट्रायकर गेला तर दुसरा आणता येतो. जग मोठं आहे, एजंट भरपूर आहेत. चांगला भारतीय मिडफिल्डर गेला तर तो कुठून आणणार? त्या दर्जाची माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतली निम्मी मोहन बागानने आधीच घरी नेलेली. म्हणून ही लीग परदेशी जिंकून देतात हा गैरसमज आहे. परदेशी सगळ्यांकडेच बरे असतात. फरक पडतो तो उरलेल्या सातांत.

आता तेच गणित आपल्या टीमला लावू.

गोलमध्ये फुरबा लाचेन्पा. तिथे मी निवांत आहे. मागे मेहताब आणि तिरी. तिरीच्या गुडघ्याचं मोठं दुखणं होऊन गेलंय, पण गेल्या वर्षी तो ज्या थंड डोक्याने खेळला ते बघता त्याला हात लावायचं कारण नाही. मेहताब सव्वीसचा आहे, अजून वाढेल. वालपुइया चांगला आहे. साहिल पनवार ओडिशाहून आलाय, ठीक. नेथन रॉड्रिग्ज वीस वर्षांचा, त्याच्यावर माझा जीव आहे, त्याबद्दल पुढे.

पुढे छांगते. त्याच्याबद्दल काय लिहू? गोव्यातल्या सेमीफायनलच्या पहिल्या लेगबद्दल लिहितो. फातोर्ड्याला आपण २-० ने मागे. नव्वदावं मिनिट. म्हापशाचे आमचे भावोजी संध्याकाळपासून मला स्टिकर पाठवत होते, शेवटी मी फोन उलटा करून ठेवला. छांगते, २-१. लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप, २-२. आणि रेफ्री घड्याळ बघत असताना पुन्हा छांगते, ३-२. फोन सरळ केला तर भावोजींचे शेवटचे तीन मेसेज डिलीट केलेले. त्यांनी काय लिहिलं होतं ते आजतागायत सांगितलेलं नाही. चतुर्थीला आले होते, मोदक खाऊन विषय बदलून गेले. असा पोरगा उजव्या बाजूला असताना कुठलीही मॅच हरली असं नव्वद मिनिटांपर्यंत म्हणता येत नाही. डावीकडे विक्रम आणि बिपिन. बिपिन लीगमध्ये कधी कधी दोन-दोन महिने दिसत नाही, पण फायनल म्हटली की येतो. २०२१ ला नव्वदाव्या मिनिटाला, २०२४ ला पुन्हा. लग्नाच्या पंगतीला बरोबर जिलबीच्या वेळी हजर होणारे काका असतात ना, तसा.

मधे मात्र भगदाड आहे.

आपुइया तेवीस वर्षांचा. तो काय करायचा हे हायलाइट्समध्ये दिसत नाही, म्हणूनच लोकांना कळत नाही. बॉल घ्यायचा, वळायचा, समोरचा अंगावर आला तरी न गडबडता पुढे द्यायचा. आणि बॉल गेला की दोन पावलांत तोच परत काढून आणायचा. भाजीत मीठ नसलं की जे होतं तेच आता होणार. त्याच्या जागी भारतीय कोण? ब्रँडन फर्नांडिस आलाय गोव्याहून. डोकं, पास, कॉर्नर, सगळं सोन्याचं. त्या फातोर्ड्याच्या मॅचमध्ये गोव्याचा दुसरा गोल त्याचाच होता. पण तो याच महिन्यात तिशीचा होतोय, आणि धावून बॉल काढून घेणं हा त्याचा धर्म नाही. जयेश राणे एकतीसचा. मेहनती, प्रामाणिक. पण बावीस-चोवीस मॅच त्याच्या पायांवर रेटणार का?

मग आपला कोच क्रातकी काय करेल? मधली जागाही परदेशी खेळाडूंनी भरेल. व्हॅन नीफ आहे, तो माझा आवडता. त्याच्या जोडीला जॉन तोराल किंवा जमशेदपूरहून आलेला मांझोरो. तोराल बार्सिलोनाच्या अकादमीतून आर्सेनलच्या अकादमीत गेलेला, त्यामुळे बॉलवरचा हात, म्हणजे पाय, चांगलाच असणार. पुढे ग्रीसचा कारेलिस. बत्तीस वर्षांचा, पनाथिनाइकोस, गेंक, ब्रेंटफर्ड असे क्लब फिरलेला. आता मोजा. तिरी एक, व्हॅन नीफ दोन, तोराल तीन, कारेलिस चार. कोटा संपला. मग परदेशी डिफेंडर क्रौमा बाकावर. तिरीला काही झालं तर क्रौमा आत येईल, ठीक. पण मागे दोघांनाही खेळवायचं ठरवलं, तर मधला एक काढावा लागेल आणि भगदाड परत उघडं. आपुइया असताना हा प्रश्नच येत नव्हता. तो एकटा एका परदेशी जागेची बचत करायचा. एक भारतीय जाण्याची किंमत अशी दोन ठिकाणी मोजावी लागते.

आणि कारेलिस चालला नाही तर? त्याच्या मागे डॅनियल लालहिंपुइया. मेहनत करेल, पण हंगामाला दहा गोल त्याच्याकडून मागणं म्हणजे अन्याय.

काहीजण म्हणतील, गेल्या वर्षी पण असंच बोलत होतास. खरंय. मागच्या नोव्हेंबरात तेव्हाचा कोच बकिंगहॅम ऑक्सफर्डला निघून गेला, जानेवारीत स्टुअर्ट गेला, तेव्हा मी ‘हंगाम संपला’ असं याच वॉलवर लिहिलं होतं. क्रातकीने येऊन माझं थोबाड बंद केलं. त्या माणसाबद्दल आदर आहे, म्हणूनच चौथा-पाचवा म्हणतोय. दुसरा कोणी असता तर आठवा म्हटलं असतं.

पण २०२१ पण आठवा. कोच लोबेराच्या हाताखाली शील्ड आणि कप दोन्ही. नंतर काय झालं? कोच गेला, कर्णधार अमरिंदर मोहन बागानला गेला, बूमूसही तिकडेच, ओगबेचे हैदराबादला. पुढच्या हंगामात पाचवे आलो, प्लेऑफ बाहेरून बघितले, कारण तेव्हा चारच टीम जायच्या. यंदा सहा जातात हे आपलं नशीब. जिंकलं की घर रिकामं करायचं ही या क्लबला लागलेली सवयच आहे. दोन्ही वेळा कप उचलणारा कर्णधार पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या जर्सीत. योगायोग म्हणा हवं तर.

ड्युरंड कपमधलं ०-८ कोणी काढू नका. केरळा ब्लास्टर्सने मारले ते आठ गोल आपल्या रिझर्व्हच्या पोरांना मारले. त्यावरून सीनियर टीम जोखायची नाही. त्या पोरांचं मात्र वाईट वाटलं. असं वाढून ठेवतात का कोणी?

आता भेके. इथे मी तटस्थ नाही, आधीच सांगतो.

माझे वडील नायगावहून कूपरेजच्या मैदानावर फुटबॉल बघायला जायचे. हारवुड लीग, रोव्हर्स कप, मग महिंद्रा. मला लहानपणी त्यांनीच नेलं. त्या स्टँडमध्ये शेजारचा माणूस खेळाडूला आडनावाने नाही, गल्लीने ओळखायचा. अमक्याचा भाऊ, तमक्या चाळीतला. २०१० ला महिंद्राने टीमच बंद केली. मग आय-लीगमधून (तेव्हाची देशातली वरची लीग) एअर इंडिया गेली, मग मुंबई एफसी. भेके एअर इंडियाकडून वर आला, राणे मुंबई एफसीकडून. जिथे ही पोरं घडली ती दुकानंच बंद झाली. आता मिझोराम, मणिपूर, पंजाबची पोरं आपल्यासाठी जीव काढून खेळतात आणि ती आपलीच आहेत, त्यात वाद नाही. छांगतेला कोणी बाहेरचा म्हटलं तर मी भांडेन. पण जर्सीवर मुंबई लिहिलंय तर अकरांत एक तरी पोरगं असावं ज्याला विरार लोकल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, एवढीच माझी हौस. राणे आहे, नेथन आहे. नेथनला यंदा सलग खेळवा. चुका करेल. करू दे.

भेकेचं काय काय आठवतं? एप्रिल २०२२, रियाध. इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध ०-१ ने मागे. मॉरिसिओची पेनल्टी, आणि पाच मिनिटांनी कॉर्नरवर भेकेचं डोकं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिलाच विजय. रोजे सुरू होते, मॅच मध्यरात्री संपली आणि मी डोंबिवलीत एकटा स्वयंपाकघरात उभा राहून चिवडा खात होतो. कोणाला सांगणार? सगळे झोपलेले. देशाच्या फुटबॉलमध्ये कधी न झालेली गोष्ट घडली होती आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये मिक्सरसुद्धा वाजत नव्हता.

तो डिसेंबरात चौतीसचा होईल. क्लबने हिशेब केला असेल, वय बघितलं असेल. कागदावर चूक नाही काढता येत. पण बंगळुरूला त्याच वयाचा भेके चालतो आणि आपल्याला चालत नाही, हे मला तरी कोणी समजावून सांगितलेलं नाही.

घरची पहिली मॅच २ ऑक्टोबरला आहे. गांधी जयंतीची सुट्टी. समोर कोण? बंगळुरू. भेके, डियाझ, नोगुएरा, तिघेही आपल्याच अंधेरीच्या मैदानावर, पाहुणे म्हणून. गंमत म्हणजे १७ मार्च २०१९ ला याच मैदानावर भेकेने बंगळुरूला चॅम्पियन केलं होतं, एकशे सतराव्या मिनिटाला, गोव्याविरुद्ध हेडर मारून. मी त्या दिवशी स्टँडमध्ये होतो, कोणाचाच नव्हतो, आणि शेजाऱ्याला अभिमानाने सांगत होतो, ‘आपल्या मुंबईचा आहे तो.’

भाचीने कालनिर्णय बघून सांगितलं की त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या आहे. आई म्हणाली, पानं वाढल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही. म्हटलं, आई, मॅच साडेसातला आहे, जेवून निघतो. घाटकोपरला उतरून मेट्रो, आझाद नगरला उतरून चालत पाच मिनिटं. भाचीचं पण तिकीट काढलंय, तिची पहिलीच मॅच. तिने विचारलं, तो निळ्या जर्सीत येईल तेव्हा आपण टाळ्या वाजवायच्या की हुर्यो करायची?

वॉर्मअपला टाळ्या, असं सांगितलंय. शिट्टी वाजली की मग बघू.