रोस्टरमध्ये नाव आहे का?

महामारीचा विषय निघाला की लोकांना मास्क आठवतात, सामसूम रस्ते आठवतात. मला आठवतं ते रोस्टर. हॉटेलात हाउसकीपिंगला होते मी. रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्याच्या ड्युट्या यायच्या. नाव असलं तर धडकी, घरी काय घेऊन येणार याची. नसलं तर महिना कसा काढायचा याची. झोपेचं खोबरं दोन्हीकडून.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महामारी म्हटलं आणि आमचा धंदा बसला. त्या वर्षात जगभरात प्रवास आणि पर्यटनातल्या सुमारे ६ कोटी २० लाख नोकऱ्या गेल्या, असं जागतिक प्रवास व पर्यटन परिषदेनं नंतर सांगितलं. उरलेल्यांना 'तुम्ही नशीबवान' हे ऐकावं लागायचं. (ऐकवणारे घरून काम करत होते, ते सोडा.)

चेक-आउट झालेली खोली. आधी खिडकी उघडायची. मग चादर, न झटकता, कडा आत गुंडाळत, अंगापासून लांब धरून. एकदा गादीशेजारी वापरलेला टिश्यू पडला होता. असे टिश्यू वर्षानुवर्षं उचललेत, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघत नुसती उभी राहिले. वस्तूंवरून लागण क्वचितच होते, खरा धोका कोंदट हवेचा, हे पुढे कळलं. तोवर रिमोट आणि दारांच्या मुठी पुसून पुसून हातांची सालटं निघाली होती. आणि आम्ही जेवायला बसायचो ती स्टाफरूम तळघरात, बिनखिडकीची!

फ्रंट ऑफिसवाल्यांचे हाल वेगळेच. मास्क लावा म्हटलं की पाहुणा खेकसणार, नाही म्हटलं तर मॅनेजर. वर ब्रीफिंगमध्ये सूचना: मास्कमुळे हसू दिसत नाही, तेव्हा डोळ्यांतून हसा. याचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्या वर्षात जगात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं, हे आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं. आमच्या कपाळाला रोज मशीन लावून ताप मोजला, पण झोप लागते का, हे कुणी एकदाही विचारलं नाही. मला विचाराल तर विषाणूपेक्षा रोस्टरनं जास्त पोखरलं. आजारपणाची पगारी रजा असती तर निम्मी धडधड तिथेच थांबली असती. हेल्पलाइनचा नंबर भिंतीला चिकटवून ती थांबत नाही. खोकला लपवणारे बेजबाबदार नव्हते हो. खोकला सांगितला की चौदा दिवस बिनपगारी, हे त्यांना पाठ होतं.

आता रोस्टर पंधरा दिवस आधी लागतं. तरी रविवारी रात्री बरोबरच्या एका मुलीचा मेसेज येतोच: "ताई, माझं नाव आहे ना?"