शाळा पाहावी फिरून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं म्हणत. त्यांना खासगी शाळांची ‘टूर’ माहीत नव्हती, म्हणून बिचारी दोनवरच थांबली. पोरीच्या प्रवेशासाठी आम्ही नवराबायकोने गेल्या महिन्यात रजा टाकून चार शाळा पालथ्या घातल्या. आमचा अनुभव तुमच्या कामी यावा, म्हणून हे फुकटचे सल्ले.

लॉबी डोळे भरून बघा. कारंजं, काचेचं कपाट, कपाटात ट्रॉफ्या. ट्रॉफीवर काय कोरलंय ते मात्र जवळ जाऊन वाचू नका. मी वाचलं. सगळ्यात उंच जी होती, ती ‘सहभागाबद्दल’ होती.

शिकवणाऱ्या बाईंना भेटायचा हट्ट धरू नका. तुमच्याशी बोलायला काउन्सेलर असते आणि तिचं सगळं पाठ असतं. ती ‘होलिस्टिक’ किती वेळा म्हणते, हे आमच्या कन्येने बोटांवर मोजायला घेतलं. दुसऱ्या मजल्यावर बोटं संपली.

‘इंटरनॅशनल’ कशावरून, हे विचारू नका. दारात झेंडे दिसत नाहीत का?

‘मॉन्टेसरी’ अशी पाटी दिसली की भारावून जा. मारिया मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिली बालशाळा काढली, ती सॅन लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत, कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. पण हे तिथल्या सोफ्यावर बसून बोलू नये, रसभंग होतो. या नावावर कुणा एकाची मालकी नाही, पाटी कुणीही रंगवू शकतो, हेही बोलू नये. बाईंचं म्हणणं असं, की साधनं उघड्या, बुटक्या फळ्यांवर ठेवावीत, म्हणजे मूल आपल्या हाताने काढेल आणि आपल्या हाताने ठेवेल. आम्ही पाहिला तो दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा कपाटाच्या डोक्यावर होता. “मुलं ठोकळे हरवतात ना,” काउन्सेलर म्हणाली. रास्त आहे. मुलं फार त्रास देतात शाळांना.

फॉर्म भरताना हात आखडू नका. तीन पानं आईबापांची, चार ओळी मुलाच्या.

आणि हो, मुलाला घरूनच शू करवून न्या.

हे गंमत म्हणून सांगत नाहीये. चौथ्या शाळेत स्मार्ट बोर्डाचं कौतुक ऐन रंगात आलेलं असताना पोरीने माझा हात ओढला. मी विचारलं, मुलांचं टॉयलेट कुठंय? काउन्सेलरचं हसू जरासुद्धा हललं नाही. “मॅम, वॉशरूम्स टूरमध्ये नाहीत.” टूरमध्ये नाहीत! रोबोटिक्सची खोली टूरमध्ये आहे. पोहण्याचा तलाव टूरमध्ये आहे, आणि तो अजून नुसता खड्डा आहे. पण मूल दिवसातून दोन-तीनदा जिथं जाणार, ती जागा टूरमध्ये नाही. खाली पाहुण्यांसाठी आहे म्हणाली, मेणबत्तीचा सुगंधबिगंध असलेलं. तीन मजले उतरायचे आणि सहा वर्षांच्या पोरीने तोवर धरून ठेवायचं! मी तिला उचललं आणि वास आला त्या दिशेने गेले.

पाच दारं. साबणाची बाटली रिकामी. एका दाराला बाहेरून पाठ लावून आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी. काय करतेस गं? “मैत्रीण आत आहे. कडी नाहीये ना.” आतली बाहेर आली, बाहेरची आत गेली आणि आलेलीने न बोलता दाराला पाठ लावली. किती सराईतपणे! हे यांचं ‘टीमवर्क’. असल्या शाळांत पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत, बाटली भरलेली घरी आणतात, मग लघवीला जळजळ, पोटदुखी, डॉक्टर. आणि आपण बाटलीवरून पोरीलाच ओरडतो. भिंतीएवढा स्क्रीन परवडतो आणि एक कडी परवडत नाही? एक कडी आणि चार स्क्रू, हो! कुणाला शरम वाटते की नाही?

परत आले, तर आमच्या गटातले एक गृहस्थ विचारत होते, “घोडेस्वारी कितवीपासून?”

अहो, कसली घोडेस्वारी! एका वर्गात किती मुलं बसतात, ते विचारलंत? गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, ते? वाचता येत नाही त्या पोराजवळ कोण बसतं, ते? नाही. आपल्याला घोडे हवेत. मग ते घोडे दाखवतात, त्यांचं काय चुकलं? आणि मी तरी कुठली शहाणी. पहिल्या तीन शाळांत मी कारंज्याचे फोटो काढून नणंदेला पाठवत होते. तिथं पोरीला शू लागली नाही, म्हणून तिथल्या कड्यांचं मला आजही काही माहीत नाही. आणि त्यातल्याच एका शाळेत आम्ही पैसे भरून बसलोय.

उद्या जातेय परत, न सांगता. तुम्हीही जा. लॉबीत बसवलं तर बसू नका, पाणी विचारलं तर नको म्हणा, सरळ वरच्या मजल्यावर जा आणि आतून कडी लागते का, ते स्वतः लावून बघा. कुणी अडवलं तर अडवू दे. लाजताय कसले? फी तुम्हीच भरणार आहात ना?