नॅनो चांदीच्या टॉवेलचा तो मेसेज चुकीचा आहे

सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतंय की नॅनो चांदी (म्हणजे चांदीचे अतिबारीक कण) लावलेल्या टॉवेलने अंग पुसलं की कण कातडीतून थेट रक्तात आणि तिथून मेंदूत जातात, आमच्या काकूंनी तर घाबरून नवाकोरा टॉवेल फरशी पुसायला काढला. असं नाहीये हो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आपला केसच सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे कण बारीक आहेत हे खरंय, पण धड कातडीवरचा मेलेल्या पेशींचा थर बहुतेक कण वरच अडवतो. जखम किंवा भाजलेलं असेल तर जास्त चांदी आत जाऊ शकते, तिथे जपा. आणि कण रक्तात गेलेच तरी रक्तातली प्रोटीन्स लगेच त्यांना चिकटतात, शरीर मग ते आवरणच ओळखतं आणि बरेचसे कण लिव्हर, प्लीहा पकडून ठेवतात.

चांदी जंतू मारते ती तिच्यातून सुटणाऱ्या आयनांमुळे (म्हणजे विद्युतभार असलेल्या चांदीच्या अणूंमुळे), आणि टॉवेल धुताना थोडी चांदी पाण्यातही जाते.

दुसरा मेसेज आहे रोज चांदीचं पाणी प्या म्हणून, ते मात्र कृपया करू नका, सतत प्यायलं तर कातडी निळसर-करडी पडते आणि तो रंग सहसा जात नाही, त्याला अर्जिरिया म्हणतात.